शपथ, भीती आणि तलफ

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' वर्गात शिकवू लागले की एक प्रश्न हमखास येतो. सुधाकर बुद्धिमान आहे, व्यवसायाने वकील आहे, सिंधूवर त्याचे प्रेम आहे आणि आपण काय करीत आहोत हेही त्याला कळते; मग तो दारू सोडत का नाही? या प्रश्नाला आम्ही आजवर जी उत्तरे देत आलो ती सारी नाट्यसमीक्षेच्या दप्तरातली. शोकात्म नायकाचा स्वभावदोष, मानी मनाला बसलेली ठेच, तळीरामाची संगत. ही उत्तरे खोटी नव्हेत. परंतु ती देताना आम्ही एक गोष्ट न बोलता गृहीत धरीत होतो, की दारू सोडणे हा केवळ मनाच्या बळाचा प्रश्न आहे आणि सुधाकरापाशी ते बळ कमी पडले. वर्गात बसलेल्या मुलांपैकी कुणाच्या घरी एखादा सुधाकर असतो. आमचे गृहीतक त्या मुलाच्या कानांवर कसे पडत असेल, याचा विचार आम्ही फार उशिरा केला.

तो विचार सुरू झाला तेव्हा आम्ही एका अनोळखी इतिहासाकडे वळलो. दारूची तलफ आवरण्यासाठी माणसाने आजवर कोणती औषधे शोधली, ती कशी सापडली आणि त्यांनी दारुड्याविषयीच्या आपल्या समजुती कशा बदलल्या, असा तो इतिहास आहे. वैद्यकाचा इतिहास म्हणून तो महत्त्वाचा आहेच; पण साहित्याच्या विद्यार्थ्यालाही त्याचे अगत्य असावे असे आम्हांला वाटते. कारण यातील प्रत्येक औषधामागे माणसाविषयीची एक कल्पना उभी आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'व्यसन' हा शब्द आपण आज वाईट सवय या अर्थाने वापरतो. संस्कृतात मात्र त्याला संकट असाही अर्थ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांचेच आहे. राज्यावर ओढवणारी अरिष्टे आणि राजाला जडणारे मृगया, द्यूत, स्त्री व पान यांचे नाद या दोहोंसाठी तेथे हाच शब्द योजलेला आहे. म्हणजे मनुष्य करतो ते आणि मनुष्यावर कोसळते ते, या दोन गोष्टी या भाषेने एका शब्दात बांधून ठेवल्या होत्या. आपण पुढे त्यातला पहिला अर्थ ठेवला आणि दुसरा सोडून दिला. गेल्या अडीचशे वर्षांत वैद्यकाने जे केले ते एका परीने हा दुसरा अर्थ परत मिळवण्याचेच काम होते.

अमेरिकेतील वैद्य बेंजामिन रश याने १७८४च्या सुमारास कडक मद्याच्या परिणामांविषयी एक पुस्तिका लिहिली आणि जुनाट मद्यासक्ती हा रोग असल्याचे प्रतिपादन केले. १८०४ मध्ये ब्रिटिश नौदलातील वैद्य टॉमस ट्रॉटर याने याच विषयावर निबंध लिहिला. १८४९ मध्ये मॅग्नस हस या स्वीडिश वैद्याने 'अल्कोहोलिझम' ही संज्ञा रूढ केली. रोगाला नाव मिळाले, पण उपाय मात्र वैद्यकाच्या बाहेरचाच राहिला. तो होता शपथेचा. आयर्लंडमधील फादर मॅथ्यू यांनी १८३८ मध्ये कॉर्क शहरात मद्यत्यागाची चळवळ उभारली आणि पुढील काही वर्षांत लक्षावधी लोकांनी त्यांच्यापुढे शपथ घेतली. शपथेचा आधार एकच: माणूस आज जे बोलतो ते त्याला उद्याही बांधून ठेवते, ही श्रद्धा.

शपथ जेथे टिकली नाही तेथे भोंदूंचे फावले. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ड्वाइट या गावी लेस्ली कीली नावाच्या डॉक्टरने १८७९च्या सुमारास 'सुवर्णोपचार' सुरू केला. सोन्याचे क्षार असलेले म्हणून सांगितले जाणारे औषध टोचून घेण्यासाठी तेथे माणसांच्या रांगा लागत. त्या औषधात सोने होते की नाही याविषयी तेव्हाच शंका घेतली गेली. कीली १९०० मध्ये वारला आणि त्याच्या उपचाराचा बोलबालाही कालांतराने ओसरला. तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दारुडा हा पापी नसून रोगी आहे, असे कीली जाहिरातीतून उघड सांगत असे. औषध संशयास्पद होते, पण ते सांगणे अनेकांना हवे होते.

'एकच प्याला' रंगभूमीवर आले ते १९१९ मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत गडकरी निवर्तले होते आणि फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास नाटकाचा पहिला प्रयोग केला. नाटकातील सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि पुन्हा त्याच प्याल्याकडे वळतो. डॉक्टर आणि वैद्य या नाटकातही आहेत. पण ते तळीरामाच्या आजारपणात हशा पिकवण्यासाठी येतात. सुधाकराच्या मदतीला त्यांच्यापैकी कोणी येत नाही, आणि याचा दोष गडकऱ्यांना देता येणार नाही. १९१९ मध्ये जगातल्या कोणत्याही वैद्याकडे सुधाकरासाठी खरेखुरे औषध नव्हते. असे असूनही गडकऱ्यांनी नाटकाचे जे नाव ठेवले त्यात या रोगाचे मर्म अचूक सापडले आहे. सुधाकराचा घात करतो तो दहावा प्याला नव्हे; घात करतो तो पहिला, 'एकच' म्हणून घेतलेला.

हेच निरीक्षण वैद्यकाच्या भाषेत मांडले जाण्यास पुढे वीस वर्षे गेली. न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात मद्यासक्तांवर उपचार करणारे डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ यांचे मत असे होते की या रुग्णांच्या शरीरात पहिल्या घोटाबरोबर एक अनिवार तलफ जागी होते, आणि ती एकदा जागी झाली की निश्चयाला तेथे वाव उरत नाही. त्यांचाच रुग्ण असलेल्या बिल विल्सन यांनी डॉक्टर बॉब स्मिथ यांच्यासह १९३५ मध्ये 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'ची स्थापना केली. १९३९ मध्ये निघालेल्या त्या संघटनेच्या मूळ ग्रंथात सिल्कवर्थ यांचे हे मत छापलेले आहे. सिल्कवर्थ यांनी या अवस्थेला एक प्रकारची ॲलर्जी म्हटले. हे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही, पण 'तलफ' हा शब्द मात्र टिकला. मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये निघाली, तेव्हा मद्यविकाराच्या निकषांमध्ये तलफेचा अधिकृत समावेश झाला.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. दीर्घकाळ दारू पिणाऱ्याने ती अचानक थांबवली तर हातपाय थरथरतात, घाम फुटतो. काहींना झटके येतात, भ्रम होतो, आणि क्वचित ते जिवावर बेतते. या अवस्थेसाठी १९६० पासून क्लोरडायाझेपॉक्साइडसारखी शामक औषधे वापरली जाऊ लागली. ती काही दिवसांपुरती आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. हे वादळ शमल्यावर, शरीर वरकरणी स्वस्थ झाल्यावरही जी मागे उरते ती तलफ. महिन्यांनी, वर्षांनी, एखाद्या वासाने, एखाद्या अपमानाने किंवा एखाद्या आनंदानेही ती पुन्हा उठते. आमच्या लेखाचा विषय हा दुसरा, लांबचा पल्ला आहे.

या पल्ल्यावरचे पहिले औषध तलफेसाठी शोधले गेलेच नव्हते. रबर पक्के करण्यासाठी थाययुरम जातीची रसायने कारखान्यांत वापरली जात. १९३७ मध्ये ई. ई. विल्यम्स या अमेरिकन डॉक्टरने आपले एक निरीक्षण प्रसिद्ध केले: या रसायनांच्या संपर्कात येणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी होते, घोटभर घेतली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते. निरीक्षण छापले गेले आणि तसेच पडून राहिले. पुढे १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोन संशोधक याच जातीच्या डायसल्फिराम या रसायनाचा जंतांवरचे औषध म्हणून अभ्यास करीत होते. ते सुरक्षित आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःच गोळ्या घेतल्या आणि नंतर मद्य घेतल्यावर आजारी पडले. दोघांनी अनुभव ताडून पाहिले तेव्हा कारण उमगले. १९४८ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. १९५१ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. 'अँटाब्यूस' हे त्याचे व्यापारी नाव.

त्याचे कार्य समजण्यास सोपे आहे. मद्य यकृतात गेले की त्याचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड होते. हा विषारी पदार्थ पुढे एका विकराच्या साह्याने निरुपद्रवी होतो. डायसल्फिराम त्या विकरालाच अडवते. मग ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचते. चेहरा तापतो, डोके ठणकते, उलट्या होतात, श्वास लागतो, रक्तदाब घसरतो. पूर्व आशियातील पुष्कळ लोकांमध्ये हे विकर जन्मतःच दुबळे असते, आणि त्यांना थोड्या मद्यानेही असाच काहीसा त्रास होतो. निसर्गाने काहींना दिलेली ही असहिष्णुता गोळीने इतरांनाही देता येते, असा हा शोध होता.

आरंभीच्या उत्साहात हे औषध फार मोठ्या मात्रेत दिले गेले. रुग्णाला डॉक्टरांसमक्ष मद्य पाजून त्याला काय होते हे त्याच्याच अनुभवास आणून देण्याची पद्धतही होती. काही रुग्ण दगावले. पुढे मात्रा कमी झाली, पाजून पाहण्याची पद्धत मागे पडली. परंतु औषधाचे मूळ स्वरूप बदलले नाही. डायसल्फिराम तलफ कमी करीत नाही. ते तलफेच्या दारात पहारेकरी उभा करते. शपथ मोडली तर मनाला टोचणी लागते. ही गोळी घेऊन प्यायले तर शरीराला शिक्षा होते. या अर्थाने अँटाब्यूस हे नव्या युगाचे औषध असले तरी त्यातली माणसाविषयीची कल्पना जुनीच आहे: मनुष्य भीतीने सुधारतो.

ही भीती किती खरी आणि किती मानलेली, याचे उत्तर १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मिळते. माजी सैनिकांच्या नऊ रुग्णालयांतील ६०५ पुरुषांचे तीन गट केले गेले. एका गटाला डायसल्फिरामची पूर्ण मात्रा, दुसऱ्याला नाममात्र एक मिलिग्राम, तिसऱ्याला नुसते जीवनसत्त्व. पहिल्या दोन्ही गटांना आपण डायसल्फिराम घेत आहोत एवढेच ठाऊक होते. वर्षभर अखंड मद्यमुक्त राहणाऱ्यांच्या प्रमाणात तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. या औषधाचे सामर्थ्य रसायनात आहे तितकेच त्याविषयी रुग्णाला जे माहीत असते त्यात आहे, असा याचा अर्थ निघतो. आम्हां साहित्याच्या माणसांना ही गोष्ट विलक्षण वाटली. येथे औषध एखाद्या वाक्यासारखे काम करते. ज्याला ते कळते त्याच्यावरच त्याचा परिणाम होतो.

दुसऱ्या औषधाची जन्मकथा वेगळी आहे. नाल्ट्रेक्सोन १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झाले, ते अफू आणि हेरॉइन यांच्या संदर्भात. मेंदूतील ज्या ग्राहींवर अफूचे पदार्थ जाऊन बसतात ती जागा हे औषध अडवून धरते. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे मेंदूतच तयार होणारे अफूसदृश पदार्थ सापडले आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला: दारूचा आनंदही याच वाटेने येत असेल का? १९८० मध्ये माकडांवरील प्रयोगांत दिसले की नाल्ट्रेक्सोन दिल्यावर ती आपण होऊन घेत असलेले मद्य कमी करतात. १९८४ मध्ये अफूच्या व्यसनासाठी या औषधाला मान्यता मिळाली आणि १९९२ मध्ये दारूविषयीचे दोन स्वतंत्र अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले.

त्यांपैकी फिलाडेल्फियातील जोसेफ व्होल्पिचेली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातील आकडे आम्ही मुद्दाम येथे देतो. ७० पुरुष, १२ आठवडे. निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन, निम्म्यांना रूपसादृश्य असलेली निष्क्रिय गोळी. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २० जणांनी मध्यंतरी कधी तरी दारू चाखली, आणि त्यांपैकी १९ जण पूर्वीसारखे पिऊ लागले. नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी १६ जणांनी दारू चाखली. त्यांपैकी आठच जण घसरले, बाकीचे आठ सावरले.

वीसपैकी एकोणीस. 'एकच प्याला' या तीन अक्षरी आणि दोन अक्षरी शब्दांत गडकऱ्यांनी जे सांगितले त्याचे इतके नेमके गणित दुसरे आम्हांला माहीत नाही. मात्र त्याच्याच शेजारी दुसरा आकडा आहे, आणि तो गडकऱ्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते: एक प्याला घेऊनही तेथेच थांबणारी माणसे असू शकतात. नाल्ट्रेक्सोन कोणाला शिक्षा करीत नाही. ते पहिल्या प्याल्यातील बक्षीस काढून घेते, म्हणून दुसऱ्या प्याल्याची हाक क्षीण होते. १९९४ च्या अखेरीस दारूसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. २००६ मध्ये महिन्यातून एकदा द्यायचे इंजेक्शनही आले. अफूजन्य वेदनाशामके घेणाऱ्याला हे औषध देता येत नाही, आणि यकृताच्या आजारात ते जपून द्यावे लागते.

तिसरे औषध ॲकॅम्प्रोसेट. ते फ्रान्समध्ये तयार झाले; १९८० च्या दशकात तेथे त्याच्या चाचण्या झाल्या, मान्यता मिळाली, आणि अमेरिकेत पोहोचायला त्याला २००४ साल उजाडले. दीर्घकाळ दारूची सवय झालेला मेंदू दारू थांबल्यावर अतिजागृत राहतो, त्यामुळे अस्वस्थता आणि निद्रानाश मागे लागतात. ही अस्थिरता ॲकॅम्प्रोसेट शमवते असे मानले जाते. त्याच्या कार्याचा नेमका उलगडा अद्याप झालेला नाही. दिवसातून तीन वेळा गोळ्या घ्याव्या लागतात, आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते चालत नाही. आनंदासाठी पिणारा आणि बेचैनी सोसवत नाही म्हणून पिणारा हे दोन वेगळे मनुष्य आहेत, किंवा एकाच मनुष्याच्या दोन अवस्था आहेत. नाल्ट्रेक्सोन पहिल्याला उद्देशून आहे, ॲकॅम्प्रोसेट दुसऱ्याला.

या औषधांविषयी अतिशयोक्ती टाळली पाहिजे. २००६ च्या 'कंबाइन' या अमेरिकन अभ्यासात १३८३ रुग्ण होते; त्यात नाल्ट्रेक्सोनचा उपयोग दिसला, ॲकॅम्प्रोसेटचा दिसला नाही. २०२३ मध्ये ११८ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यानुसार ॲकॅम्प्रोसेट ११ जणांना द्यावे तेव्हा एक जण पुन्हा पिण्यापासून वाचतो; गोळीच्या रूपातील नाल्ट्रेक्सोनसाठी ती संख्या १८ आहे, आणि अतिमद्यपानाकडे परतणे टळावे यासाठी ११. यात चमत्कार काही नाही. परंतु ज्या घरातला तो अकरावा असतो त्या घरापुरते हे प्रमाण पुरेसे असते.

चौथी कथा एका पुस्तकाची आहे. ऑलिव्हिए आमेसें हे फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ स्वतः मद्यविकाराने ग्रस्त होते. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन हे जुने औषध त्यांनी स्वतःवर वाढत्या मात्रेत वापरले, आपली तलफ नाहीशी झाल्याचे २००५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच रुग्णवृत्तान्त लिहून कळवले आणि २००८ मध्ये त्यावर आत्मकथनात्मक पुस्तक लिहिले. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'शेवटचा प्याला' असा होतो. गडकऱ्यांच्या शीर्षकाशेजारी हे शीर्षक ठेवून पाहिले की मधल्या नव्वद वर्षांत काय घडले ते दिसते. पुस्तकाने फ्रान्समध्ये खळबळ उडवली, रुग्ण डॉक्टरांकडे औषध मागू लागले, आणि २०१८ मध्ये तेथील नियामक संस्थेने मर्यादित मात्रेत मान्यता दिली. आमेसें २०१३ मध्येच वारले होते. नंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत आणि मोठ्या मात्रेचे धोकेही पुढे आले आहेत. आत्मकथन हा पुरावा किती मानायचा, हा वाद आपल्या वर्गांतला. येथे तो रुग्णालयात खेळला गेला.

आतापर्यंतचा इतिहास सरळ रेषेत चालला आहे असे वाटेल: शपथेकडून भीतीकडे, भीतीकडून तलफेच्या शमनाकडे, म्हणजे कठोरतेकडून करुणेकडे. आम्हीही प्रथम असेच समजलो होतो. मुंबईत झालेल्या एका अभ्यासाने ही रेषा वाकवली.

मुंबईतील मनोविकारतज्ज्ञ अविनाश आणि ॲलन डिसोझा यांनी २००४ मध्ये एक वर्षभराची तुलना प्रसिद्ध केली. मद्यविकार असलेले १०० पुरुष. निम्म्यांना डायसल्फिराम, निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन. प्रत्येकाच्या घरचे कोणी तरी उपचारात साथ देण्यास तयार होते. वर्षअखेरीस डायसल्फिरामच्या गटातील ८६ टक्के पुरुष मद्यमुक्त राहिले होते, नाल्ट्रेक्सोनच्या गटातील ४४ टक्के. मात्र तलफ कमी आढळली ती नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांमध्ये. ज्यांची तलफ कमी ते अधिक घसरले, ज्यांची तलफ तशीच राहिली ते अधिक टिकले. कोण कोणते औषध घेत आहे हे या अभ्यासात सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे त्यातून मोठा सिद्धान्त काढणे उचित नाही. तरी प्रश्न उरतोच. भीतीचे औषध येथे इतके का चालले?

आमच्या मते उत्तर घरात आहे. औषध घेतले जात आहे की नाही याकडे लक्ष ठेवणारे माणूस असेल तर डायसल्फिरामचा गुण वाढतो, असे अन्य अभ्यासही सांगतात. सकाळी पत्नी किंवा आई गोळी हातावर ठेवते, तो ती तिच्यादेखत घेतो. शपथ एकदाच घ्यायची असते. ही शपथ रोज घेतली जाते. शिवाय दिवसभरात दहा वेळा करावा लागणारा निर्णय सकाळी एकदाच करून टाकता येतो. तेव्हा ती केवळ भीती राहत नाही, तो एक करार होतो.

येथे आम्हांला सिंधू आठवली. गडकऱ्यांची सिंधू दळणे दळते, उपाशी राहते, मूल गमावते आणि मरतानाही पतीवर ठपका येऊ देत नाही. पतिव्रताधर्माच्या या चित्रणावर आजवर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती योग्यच आहे. पण एक साधी गोष्ट त्या टीकेतही सुटते: सिंधूच्या हातात काहीच नव्हते. सोसणे आणि प्रार्थना करणे यांपलीकडे १९१९ ने तिला काही दिले नव्हते. मुंबईतल्या त्या घरांतील स्त्रियांच्या हातात निदान एक गोळी होती.

परंतु या चित्राला काळी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे आम्हांला बरे वाटत नाही. भिंतींवर आणि पत्रकांवर 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती आपण सर्वांनी वाचल्या आहेत. हताश झालेले घर चहात, आमटीत काही तरी मिसळते. ते जर डायसल्फिराम असेल आणि तो माणूस बाहेर जाऊन प्यायला, तर त्याचा जीव जाऊ शकतो. हृदयविकार असेल तर धोका अधिक. शेवटच्या गोळीनंतरही जवळजवळ दोन आठवडे हा धोका राहू शकतो. आणि जीव वाचला तरी औषधाचा आत्माच हरवतो. कारण हे औषध, आपण वर पाहिले त्याप्रमाणे, माहीत असण्यावर चालते. नकळत दिले की ते विष होते. संमतीने घेतली तर जी गोळी करार असते तीच चोरून दिली की विश्वासघात ठरते. तळीरामानेही सुधाकराला पहिला प्याला उघड दिला होता.

महाराष्ट्राने या प्रश्नाशी अनेक वाटांनी झुंज दिली आहे. मुंबई राज्यात १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला. शपथेचे काम राज्यसत्तेने अंगावर घेतले. १९८६ मध्ये पुण्यात डॉक्टर अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साह्याने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, आणि व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून, मित्र म्हणून पाहण्याची भाषा मराठीत रुजली. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी केलेल्या थोडक्या बैठकींचाही हानिकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांना उपयोग होतो, हे २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. गोळी आणि संवाद हे एकमेकांचे पर्याय नव्हेत, हे या सर्व अनुभवांचे तात्पर्य आहे.

तरीही अंतर मोठे आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचे आढळले. सधन देशही यात पुढे नाहीत: त्याच वर्षीच्या अमेरिकेतील पाहणीत मद्यविकार असलेल्यांपैकी केवळ १.६ टक्के लोकांनी औषध घेतले होते. डायसल्फिराम, नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट ही तिन्ही औषधे भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळतात. नवे शोधही चालू आहेत. मधुमेह आणि स्थूलतेसाठी वापरले जाणारे सेमाग्लुटाइड तलफ कमी करू शकते असा प्राथमिक निष्कर्ष ४८ जणांच्या एका लहान अभ्यासातून २०२५ मध्ये निघाला. तेव्हा औषधांचा अभाव हे मुख्य कारण नाही. मुख्य कारण, आम्हांला वाटते, लाज हे आहे. दारू सोडायला औषध लागते हे कबूल करणे म्हणजे आपल्या मनात बळ नाही हे कबूल करणे, असे अजून मानले जाते. मधुमेह्याला कोणी निश्चय कमी पडला म्हणत नाही.

आणि ही लाज कोठून येते? काही अंशी ती आमच्या वर्गांतूनही येते. 'एकच प्याला'च्या उत्तरपत्रिकांत आम्ही 'मनाचा दुबळेपणा' या शब्दांना गुण दिले आहेत. शोकात्मिका म्हणून नाटकाची थोरवी त्याने कमी होत नाही; सुधाकराचा मानी स्वभाव, त्याचा अपराध, त्याच्या हातून झालेला घात यांची जबाबदारीही त्याने नाहीशी होत नाही. व्यसन हे संकटही आहे आणि कृतीही आहे, हे कौटिल्याच्या शब्दाने आधीच सांगून ठेवले होते. आम्हांला दोन्ही अर्थ शिकवायचे होते. आम्ही एकच शिकवला.

यंदा नाटक पुन्हा अभ्यासक्रमात आहे. तो प्रश्न पुन्हा येईल. या वेळी उत्तराची सुरुवात आम्ही वेगळी करणार आहोत: सुधाकर दारू सोडू पाहतो, त्याला ती सुटत नाही, आणि १९१९ मध्ये त्याला मदत करू शकेल असे औषध कोठेही नव्हते, आज आहे. हे वाक्य साहित्यसमीक्षेत बसते की नाही, याची चर्चा नंतर करता येईल. मागच्या बाकावर बसलेल्या ज्याला ते घरी घेऊन जायचे असेल, त्याने ते न्यावे.